काम सांगणारा गेला, मग गाणं कुणाचं?

आम्ही ब्राह्मणपुरीच्या गटातल्या बाया बोलतोय. मागच्या वेळी पापडाच्या पिठाबद्दल बोललो होतो, आज विषय जरा कोर्टाकडचा आहे. पण घाबरून रेडिओ बंद करू नका. हे आमच्यावर गुदरलंय आणि तुमच्यापैकी जी कुणी ऑर्डर घेऊन चित्र काढते, गाणं रचते, फोटो काढते, बॅनर बनवते, तिच्यावर उद्या गुदरू शकतं.

आपला जिल्हा मिरचीचा. नंदुरबारच्या बाजारात मिरची वाळत घातलेली दिसते, ती सगळ्यांनी पाहिलीय. तालुक्याच्या गावातले एक व्यापारी मिरची पूड विकायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नाव सांगत नाही, माणूस चांगला होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी ते आमच्या गटाकडे आले. म्हणाले, पाकिटावर छापायला एक चित्र रंगवून द्या, उखळात मिरची कांडणारी बाई हवी. एक गाणं करा आपल्या बोलीत, दुकानावर वाजवायला. मोबाइलवर छोटा व्हिडिओ करा, त्यात ते गाणं घाला. आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला माझ्या आईचा फोटो टाकायचाय, तो काढून द्या. सगळ्याचे १५,००० रुपये ठरले. ६,००० आधी फोनवरून पाठवले. बाकीचे ९,००० दिवाळी झाल्यावर.

आम्ही काम दिलं. काकांना आवडलं. दिवाळी झाली आणि आठव्या दिवशी काका गेले. हार्ट अटॅक. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा पैशांचं काय काढणार? गप्प बसून चहा घेतला आणि आलो.

मग दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आली. आमच्या गटाचा चटणीचा स्टॉल होता. गिऱ्हाईक थांबावं म्हणून पोरींनी तेच गाणं म्हटलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि तिसऱ्या दिवशी काकांच्या मुलाचा फोन. "ते गाणं आमचं आहे. बाबांनी पैसे देऊन करून घेतलंय. बंद करा." आम्ही म्हटलं, दादा, पैसे तर अजून ९,००० बाकी आहेत. तर म्हणे, "मला काही माहीत नाही. कागद दाखवा."

कागद नव्हता. तिथून आमची फिरफिर सुरू झाली.

शहाद्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यातच ते लिहिलंय. आदिवासी बांधवांनाही मिळतो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात. आम्हाला हे आधी ठाऊक असतं तर दोन महिने वाया गेले नसते. तिथल्या वकीलताईंनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काका गेले त्या दिवशी त्यांच्याकडे नक्की काय होतं?"

तीच किल्ली आहे बघा. माणूस गेला की त्याचं जे होतं ते वारसांकडे जातं. जे त्याचं नव्हतंच, ते वारसांकडे कसं जाईल? शेजारच्याची म्हैस आपल्या गोठ्यात बांधलेली असली आणि आपण मेलो, म्हणून ती आपल्या मुलाची होत नाही. तर आधी बघायचं, काका जिवंत असताना यातलं काय त्यांचं झालं होतं. आणि इथे आम्हाला धक्का बसला, कारण चारही कामांचं उत्तर एक नाही.

भारताचा कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. स्वामित्व हक्क म्हणतात त्याला. त्याचा मुख्य नियम साधा आहे. जो रचतो, तो पहिला मालक. लिहिणारा, चाल लावणारा, चित्र काढणारा. नोंदणी केली नाही तरी हक्क असतो. पण कलम १७ मध्ये काही अपवाद आहेत. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, चित्र रंगवलं, किंवा फिल्म म्हणजे व्हिडिओ केला, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक तो काम सांगणारा. नोकरीत असताना केलेल्या कामाचं आणखी वेगळं आहे, ते सहसा मालकाचं होतं. पण आम्ही काकांच्या नोकर नव्हतो, ऑर्डरवर काम करणाऱ्या होतो.

आता त्या अपवादांची यादी परत ऐका. फोटो, रंगवलेलं चित्र, व्हिडिओ. गाणं आहे का त्यात? नाही. कविता, गाण्याचे शब्द, चाल, गोष्ट, लेख, यातलं काहीच नाही.

म्हणजे उखळवालीचं चित्र काकांचं. आजींचा फोटो काकांचा. व्हिडिओ काकांचा. पण गाणं आमचंच. काकांना ते दुकानासाठी, त्यांच्या मिरचीसाठी वापरायची परवानगी होती. त्यांचं दुकान आता मुलगा चालवतो, तर तिथे ते वाजवायला आम्ही नाही म्हणत नाही. पण ते दुसऱ्या कुणाला विकायचं, किंवा आम्हालाच गाऊ नका म्हणायचं, हा हक्क काकांकडे कधी नव्हता, तो मुलाकडे कुठून येणार?

व्हिडिओ त्यांचा आणि त्यातलं गाणं आमचं, हे कसं, असं आम्हीही विचारलं. पूर्वी सिनेमात गाणं गेलं की कवीचा हक्क निर्मात्याकडे गेला, असंच धरायचे. सुप्रीम कोर्टाने १९७७ साली तसा निकाल दिला होता. कवी आणि संगीतकार खूप वर्षं भांडले. शेवटी २०१२ साली कायदा बदलला आणि लिहिलं, की फिल्मची मालकी कुणाचीही असो, तिच्यात घातलेल्या गाण्याचा रचणाऱ्याचा हक्क त्याने जात नाही. मुंबईच्या मोठ्या कवींसाठी झालेला बदल ब्राह्मणपुरीच्या तीन बायांना उपयोगी पडला.

तीन बाया म्हटलं, कारण गाणं तिघींनी मिळून रचलंय. त्यातली एक आमची मावशी, तिला लिहिता येत नाही. ती बोलत गेली, तिच्या सुनेने वहीत उतरवलं. मुलगा म्हणत होता, "वहीत तर सुनेचं अक्षर आहे." मावशीचा चेहरा उतरला तेव्हा. पण रचणारी एक आणि उतरवून घेणारी दुसरी, हे आपल्या खानदेशाला नवीन आहे का? असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ ला गेल्या, त्यानंतर पुस्तक निघालं. म्हणून ती गाणी लिहून घेणाऱ्यांची झाली का? कायदाही रचणाऱ्यालाच कर्ता मानतो. मावशीचं नाव पहिलं लागलं.

इथे एक खरं सांगून टाकतो. आमच्या गाण्याची चाल आमची नाही. हळदीच्या जुन्या गाण्याची आहे, आमच्या आज्या म्हणायच्या. वकीलताई म्हणाल्या, चालीवर हक्क सांगू नका, ती कुणा एकीची नाही. शब्द नवे आहेत, तेवढे तुमचे. हे नीट लक्षात ठेवा, कारण हल्ली जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून "ही आमची" म्हणणारेही निघालेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यात गाणाऱ्या बाईचं नाव, गाव लिहून ठेवलं. तसं करावं. ओवी सगळ्यांची, पण कुणी गायली ते कळू द्यावं.

आणखी एक चूक आमची. त्या गाण्यात काकांच्या मिरचीचं नाव होतं. यात्रेत आमच्या चटणीच्या स्टॉलवर पोरींनी ते नावासकट म्हटलं. ते बरोबर नव्हतं. गाणं आमचं असलं तरी त्या मालाचं नाव त्यांचं. गिऱ्हाइकाला वाटेल, चटणीही त्यांचीच. ती ओळ आता बदललीय.

आता पैशांचं. कागद नाही म्हणजे करार नाही, असं नसतं. तोंडी करारही करार असतो, फक्त तो दाखवता यायला हवा. आमच्याकडे फोनवर आलेले ६,००० दिसत होते. काकांचे व्हॉट्सॲप मेसेज होते. एका मेसेजात त्यांनी स्वतः "बाकीचे ९ दिवाळीनंतर" असं बोलून पाठवलेलं. तो आवाज ऐकताना आम्हाला रडू आलं, पण वकीलताई म्हणाल्या, हाच तुमचा कागद. फोन विकू नका, मेसेज पुसू नका. काम दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो, नंतर कोर्ट ऐकत नाही.

मेलेल्या माणसाचं देणं त्याच्या मालमत्तेतून फेडायचं असतं. वारसांना जेवढं मिळालं, तेवढ्यापुरतं ते बांधील. काही मिळालंच नसेल तर मुलाच्या स्वतःच्या कमाईतून मागता येत नाही. काकांचं तर चालतं दुकान होतं.

आम्ही विचारलं, पैसे थकले म्हणजे चित्रही आमचं परत झालं ना? ताई म्हणाल्या, तसं आपोआप होत नाही. पैसे मागा, चित्र धरून बसू नका. "पूर्ण रक्कम मिळेपर्यंत हक्क आमच्याकडे" असं आधी लिहून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. कायदाच म्हणतो की वेगळं ठरलेलं नसेल तरच चित्र काम सांगणाऱ्याचं. ठरवायची संधी होती, आम्ही ती सोडली.

उलटंही असतं बरं का. समजा काकांऐवजी चित्र काढणारी आमची पोरगीच अर्ध्या कामात गेली असती तर? १८७२ चा कराराचा कायदा आहे, त्यात हेच उदाहरण दिलंय, चित्रकाराने चित्र काढून द्यायचं कबूल केलं आणि तो आधीच वारला. मग ना गिऱ्हाइकाला ते चित्र मागता येतं, ना चित्रकाराच्या वारसांना तो करार पुढे चालवता येतो. कुणाच्या हाताची कला तिच्या लेकीवर लादता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी एवढा विचार केला, याचं आम्हाला नवल वाटलं.

मग ताईंनी विचारलं, काकांच्या मागे कोण कोण आहे? मुलगा, काकू, दोन लग्न झालेल्या मुली, आणि काकांची आई. मृत्युपत्र नाही. दुकान काकांच्या एकट्याच्या नावावर. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी बायको, मुलगा, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. म्हणजे पाच हिस्से. दुकानाचे पाच, आणि चित्र, फोटो, व्हिडिओच्या हक्काचेही पाच. कॉपीराइट हाताला लागत नाही, पण ती मालमत्ताच आहे, शेतासारखी वारसाने जाते. मुलगा "आमचं, आमचं" म्हणत होता, पण त्या "आमचं"मध्ये चार बाया होत्या आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पाकिटावर जिचा फोटो, ती आजीसुद्धा त्या फोटोची पाचव्या हिश्शाची मालकीण!

(आदिवासी घरांत हा वारसा कायदा लागत नाही, तिथे रूढी बघतात. मुस्लिम घरांत त्यांचा कायदा. आपल्या जिल्ह्यात दोन तृतीयांशाहून जास्त लोक आदिवासी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. तिथे वारस कोण, हे आधी विचारून घ्या.)

म्हणून पत्र लिहिलं ते पाचही जणांच्या नावाने. आठ दिवसांत धाकट्या मुलीचा फोन आला, जळगावहून. भांडायला नाही. म्हणाली, "ताई, यात माझं नाव का आहे?" तिला समजावून सांगितलं. बराच वेळ गप्प राहिली.

हा हक्क टिकतो किती दिवस, हेही विचारून घेतलं. रचणारा असेपर्यंत, आणि तो गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. आपल्या रेडिओचंच उदाहरण घ्या. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायण लागायचं. रेडिओने करून घेतलेलं काम. ५६ गाणी, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. माडगूळकर १९७७ ला गेले, म्हणजे शब्दांवरची मुदत २०३७ संपेपर्यंत. फडके २००२ ला गेले, चालींवरची मुदत २०६२ संपेपर्यंत. एकाच गाण्याच्या दोन मुदती. पूर्वी ५० वर्षंच होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, त्यांची ५० वर्षं भरत आली तेव्हा सरकारने १० वर्षं वाढवली. आणि गाणं दोघी-तिघींचं मिळून असेल तर शेवटची जी जाईल तिच्यापासून मोजायचं. आमच्या तिघींत धाकटी २४ वर्षांची आहे. मावशी म्हणाली, "हिला नीट खाऊपिऊ घाला, हक्क हिच्या जिवावर आहे."

काम विकलं, मालकी गेली, तरी एक गोष्ट राहते. हे आमचं आहे, आम्ही केलंय, असं म्हणायचा हक्क. आणि कुणी ते असं बिघडवलं की आपली अब्रू जाईल, तर अडवायचा हक्क. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल नावाच्या शिल्पकाराने सरकारच्या सांगण्यावरून भिंतभर ब्राँझचं शिल्प केलं होतं. १९७९ ला दुरुस्तीच्या नावाखाली ते काढलं आणि गोदामात टाकलं. तुकडे झाले, त्यांचं नावही गेलं. सरकार म्हणे, पैसे दिलेत, आमचं आहे, काहीही करू. सहगल कोर्टात गेले. २००५ ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं, शिल्प त्यांना परत द्या आणि वर ५ लाख रुपये भरपाई. सरकारसमोर एक म्हातारा माणूस! त्यामुळे आम्ही पत्रात हेही लिहिलं, की चित्र तुमचं, पण पाकिटावर बारीक अक्षरात चित्र काढणारीचं नाव टाका.

आता आमचा गट ऑर्डर घेताना एक कागद करतो. साधाच, वहीच्या पानावर. काम सांगणाऱ्याचं पूर्ण नाव. गटाचं नुसतं नाव न लिहिता काम करणाऱ्या बायांची नावं, कारण आमचा गट कुठे नोंदलेला नाही आणि हक्क माणसाचा असतो. काम काय. कशासाठी वापरणार, कुठे, किती वर्षं. रक्कम किती, कधी. पूर्ण पैसे मिळेपर्यंत सगळे हक्क आमचे. आणि एक ओळ काकांमुळे आली, "दोघांपैकी कुणी वारल्यास हाच कागद वारसांना लागू." पहिल्यांदा ती ओळ वाचून दाखवताना जीभ अडखळते. अपशकुनासारखं वाटतं. एका गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, "मला मारायला निघालात का?" आम्ही म्हटलं, दादा, विमा काढतो तसंच आहे. सही केली त्याने.

गाणं कुणाला कायमचं द्यायचं असलं तर ते लेखीच द्यावं लागतं, सहीसकट. त्यात किती वर्षं ते लिहिलं नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. कुठे ते लिहिलं नाही तर फक्त भारतात. आणि घेऊन वर्षभर वापरलंच नाही, वेगळं काही ठरलेलं नसलं, तर हक्क परत येतो. फोटो स्टुडिओवाल्या पोरींनो, तुम्हीही ऐका. लग्नाचे फोटो, वेगळं ठरलं नसेल तर, ज्याने पैसे देऊन काढून घेतले त्याचे. दुकानाबाहेर नवरीचा फोटो लावायचा तर विचारून लावा. आणि तो माणूस वारला तर त्याच्या घरच्यांना विचारा.

आमचं पुढे काय झालं ते सांगतो. मुलगा आला, काकूंना घेऊन. काकूंनीच पिशवीतून ५,००० काढून दिले आणि म्हणाल्या, बाकीचे मिरची निघाल्यावर. मुलगा म्हणाला, गाणं मला एकट्याला पाहिजे, तुम्ही कुठेच म्हणायचं नाही, किती घ्याल? आम्ही म्हटलं, बाकीचे ४,००० आधी येऊ दे. तिघींचं अजून एकमत नाही. मावशी म्हणते, द्या दोन वर्षांसाठी. धाकटी म्हणते, हळदीच्या चालीचं गाणं आपल्यालाच बंद करून कसं चालेल? सोमवारच्या बैठकीत ठरवू.

जाताना काकू म्हणाल्या, सासूबाईंना तो पाकिटावरचा फोटो मोठा करून हवाय, भिंतीवर लावायला. आता त्या फोटोच्या मालकिणींपैकी त्या स्वतःच एक, त्यांना आम्ही काय परवानगी देणार? शहाद्याहून मोठा करून, चौकट लावून आणलाय. त्याचे पैसे नाही घेतले.